घर सांभाळून शाळा : 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुन्हा वाचताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी प्राथमिक शाळेतल्या बाईंचा निरोप समारंभ पाहावा. शाल असते, श्रीफळ असते, सरपंचांचे भाषण असते, आणि एक वाक्य हमखास असते : 'बाईंनी घर सांभाळून शाळा केली.' लोक टाळ्या वाजवतात. बाईंच्या डोळ्यांत पाणी येते. त्याच शाळेतले गुरुजी निवृत्त झाले तर 'गुरुजींनी घर सांभाळून शाळा केली' असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर मांडवात हशा पिकेल. म्हणजे ज्याला आपण गौरव म्हणतो त्यात एक गृहीत लपलेले आहे : घर हे बाईचेच काम, आणि शाळा ही त्यावरची जादा मेहनत.

हा प्रश्न केवळ समारंभापुरता असता तर एका वाङ्मयीन त्रैमासिकाने त्यावर पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या समीक्षेनेही दलित स्त्रीच्या आत्मकथनांना पुष्कळदा अशीच शाल पांघरली आहे. सोसणारी माय, त्यागाची मूर्ती, कष्टाची कहाणी. या शब्दांनी पुस्तकाचा गौरव होतो आणि पुस्तक वाचायचे राहून जाते. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' या आत्मकथनाच्या बाबतीत असेच घडले आहे, असे माझे मत आहे. म्हणून ते एका शिक्षिकेचे पुस्तक म्हणून पुन्हा वाचले पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती. शांताबाईंचा जन्म १९२३ साली सोलापूर जिल्ह्यातील महूद या गावी, महार कुटुंबात झाला. १९४२ साली त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. दहा वर्षे शिकवून झाल्यावर, १९५२ साली, त्यांनी पुण्यात दोन वर्षांचे अध्यापन प्रशिक्षण घेतले. पुढे सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात त्या शिक्षणाधिकारी म्हणून काम करीत होत्या. लेखन केले ते निवृत्तीनंतर. १९८३ साली 'पूर्वा' मासिकातून ते वाचकांपुढे आले, १९८६ साली ग्रंथरूप झाले, आणि १९९० साली मुंबई दूरदर्शनवर 'नाजुका' या नावाने त्याची मालिका झाली. दलित पँथरचे एक नेते अरुण कांबळे हे त्यांचे पुत्र. हा शेवटचा तपशील आपल्याकडे इतक्या वेळा आधी सांगितला जातो की चाळीस वर्षांच्या नोकरीचा तपशील त्यामागे झाकला जातो. बाईची ओळख मुलावरून करून देण्याची ही सवय चळवळीनेही सोडलेली नाही.

आपल्या आत्मकथनांत शाळा कोठून दिसते, हे आता पाहू. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली. या पुस्तकांत शाळा दिसते ती शिकणाऱ्या पोराच्या जागेवरून. मास्तर समोर उभा असतो. त्याच्या हातात छडी असते, क्वचित माया असते. पोर शिकते आणि शिकता शिकता वस्तीपासून दूर जाते. घर मागे राहते, आणि त्या मागे राहिलेल्या घरात आई असते, बायको असते. पुरुषांच्या आत्मकथनांत शिक्षणाचा रस्ता बहुधा घरापासून दूर नेणारा आहे.

शांताबाईंच्या पुस्तकात ही जागा बदलते. अस्पृश्य म्हणून जी मुलगी शाळेत अपमान सोसते, तीच पुढे मास्तरणीच्या टेबलाशी उभी राहते. ज्या जातीच्या सावलीचा विटाळ मानला जात होता त्या जातीची बाई गावाच्या पोरांना अक्षर गिरवायला लावते. ही साधी घटना नाही. पण तिचे घर तिच्या मागे राहात नाही, ते तिच्याबरोबर चालते. मुले, स्वयंपाक, आजारपण, धान्याची चणचण, आणि हजेरीपट. नोकरी मिळाली म्हणून भूक लगेच संपत नाही. मध्यमवर्गीय स्त्रीच्या लेखनात 'नोकरी की संसार' असा पेच येतो, कारण तेथे नोकरी सोडली तरी चूल पेटणार असते. येथे पगार आहे म्हणून चूल आहे. या दोन गोष्टी एका तराजूच्या दोन पारड्यांत घालताच येत नाहीत. म्हणून 'समतोल' हा शब्द या पुस्तकाला लावणे मुळातच चूक आहे.

त्या घरात शिक्षक एकटी तीच नव्हती. पती कृष्णाजी कांबळे हेही मास्तर. एकच पेशा, एकच छप्पर. म्हणजे तुलनेला यापेक्षा चांगले उदाहरण नाही. तरीही घर कोणाकडे होते हे सांगायला नको. आणि याच शिकलेल्या मास्तरांनी दुसरे लग्न केले. शांताबाईंनी ते मुकाट्याने पत्करले नाही. त्या घर सोडून माहेरी गेल्या. पुढे संसार पुन्हा सावरला, ही गोष्ट वेगळी. परंतु शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी राहू शकणारी बाई 'हे मला मान्य नाही' असे म्हणून उंबरठा ओलांडते, तो नकार दलित साहित्याच्या नकारापेक्षा वेगळा मानायचे कारण काय? जातीला दिलेला नकार विद्रोह आणि नवऱ्याला दिलेला नकार घरगुती बाब, अशी वाटणी आपण कोणत्या तत्त्वाने करतो?

आपल्यातले काही जण खाजगीत म्हणतात की असल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्याने समाजाची बदनामी होते, चळवळ दुबळी होते. त्यांनी २० जुलै १९४२ हा दिवस आठवावा. त्या दिवशी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि परिषदेला बाबासाहेब उपस्थित होते. त्या परिषदेने स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा असा ठराव केला आणि बहुपत्नीत्वाच्या चालीविरुद्ध ठराव केला. कामगार स्त्रियांसाठी हक्काच्या रजेची मागणी केली. ज्या साली सोलापूर जिल्ह्यात शांताबाई शिक्षिका झाल्या, त्याच साली वऱ्हाड-नागपूरच्या आपल्या आयाबहिणींनी संसार आणि नोकरी हे दोन्ही विषय सभेत आणून ठेवले होते. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेण्याची परंपरा आपलीच आहे. ती विसरले ते आपण.

बाबासाहेबांचे आणखी एक म्हणणे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात गिरणीतल्या स्त्रियांना बाळंतपणात विश्रांती आणि भत्ता देण्याचे विधेयक चर्चेला आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. बाई मूल वाढवते हे तिचे खाजगी पुण्य नाही, ती सार्वजनिक जबाबदारी आहे, हा त्याचा अर्थ. 'घर सांभाळून शाळा' हा गौरव नेमका या विचाराच्या उलट जातो. जे ओझे समाजाने आणि सरकारने वाटून घ्यायचे, ते एका बाईने उचलले म्हणून तिला शाल द्यायची, आणि ओझे तिथेच ठेवायचे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. यवतमाळचे १६ तालुके, कापसाचा मुलूख. पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे, केळापूर-झरी-मारेगावकडे कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या, आणि गावोगावी बौद्धांची वस्ती. यातल्या पुष्कळ शाळा द्विशिक्षकी आहेत. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. शासनाने १८० दिवसांची प्रसूती रजा दिली आहे, २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजाही दिली. रजा घ्यावी आणि तिने घ्यावीच. परंतु दोनांतली एक बाई रजेवर गेली की उरलेल्या एकावर सारी शाळा पडते. बदली शिक्षक आला नाही तर रजेवरची बाई घरी बसून वर्गाची काळजी करते, आणि शाळेतला सहकारी तिच्या नावाने कुरकुरतो. हक्क कागदावर पूर्ण आणि व्यवहारात तो सहकाऱ्याच्या अंगावर ढकललेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई केली. सोडलेली ही कामेच किती दिवस खातात, हे शिक्षकाला विचारावे.

शिवाय शिक्षकाने मुख्यालयी राहावे असा नियम. नियम सर्वांना एक, पण गाव सर्वांना एक नसते. गावात खोली बघायला गेलेल्या शिक्षिकेला आधी आडनाव विचारले जाते. आडनाव कळले की खोली 'पाहुण्यांसाठी ठेवली' असते. मग ती वस्तीत राहते, नाही तर तालुक्याहून एस.टी.ने अप-डाउन करते. अप-डाउन करणाऱ्या बाईंना घराची ओढ, कामचुकार, असे म्हटले जाते. म्हणजे जातीने दिलेला त्रास बाईच्या संसाराच्या नावावर जमा होतो. शाळा आणि घर यांच्यामधला रस्ता दलित शिक्षिकेसाठी किलोमीटरने मोजून भागत नाही. शांताबाईंच्या पुस्तकातून शिकायचे ते हे.

या पुस्तकाच्या शीर्षकाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. 'माज्या' आणि 'जल्माची'. ज्या बाईने आयुष्यभर शिक्षण खात्यात काम केले, जिने शेकडो वह्यांतल्या अशा शब्दांखाली लाल रेघ ओढली असेल, तिने स्वतःच्या पुस्तकाच्या कव्हरावर 'माझ्या जन्माची' लिहिले नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीने तिच्या आईची भाषा पुसली नाही. आपल्या जिल्ह्यात पहिलीच्या वर्गात मूल येते ते कोलामी घेऊन, गोंडी घेऊन, गोरमाटी घेऊन, वऱ्हाडी घेऊन. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आई शेतात जाते, आणि थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत येते किंवा येतच नाही. त्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षिकेने कोणती भाषा चूक ठरवायची? या शीर्षकाने त्याचे उत्तर दिले आहे, पण ते आपण बोलीचा गोडवा म्हणून चाखले आणि पुढे गेलो.

आता पुस्तकाच्या उणिवेविषयीही बोलले पाहिजे. कारण आपले पुस्तक म्हणून नुसती स्तुती करणे हाही अनादरच आहे. या आत्मकथनात जगणे भरपूर आहे, त्या मानाने शिकवणे थोडे आहे. नोकरी कोठे लागली, बदली कोठे झाली, पोटाला काय मिळाले, हे कळते. पण वर्गात काय घडले, कोणते पोर कसे वाचायला लागले, सवर्णाच्या पोराने आपल्या दलित बाईंकडे पहिल्या दिवशी कसे पाहिले आणि वर्षअखेर कसे पाहिले, हे आणखी हवे होते. ही उणीव शांताबाईंची एकट्यांची नाही. आपण वाचकांनी दलित स्त्रीकडून दुःखच मागितले, तिचे कौशल्य मागितले नाही. मागणीच नसेल तर ते लिहिले कसे जाणार?

यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, आणि उद्घाटन झाले ते याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते. त्या मागे राहिलेल्या बाईबद्दल ठामपणे बोलल्या, आणि मराठी साहित्याने ऐकले. चांगले झाले. पण प्रस्थापित साहित्य अशा बाईला व्यासपीठावर बोलावते ते तिच्या वैधव्यामुळे, तिच्या कामामुळे नव्हे, हे आपण ओळखले पाहिजे. निदान आपल्या त्रैमासिकाने तरी तसे करू नये.

म्हणून माझी विनंती जिल्ह्यातल्या शिक्षिकांना आहे. तांड्यावरच्या, पोडावरच्या, वस्तीतल्या. बाई, तुम्ही लिहा. सोसले ते लिहाच, पण शिकवले तेही लिहा. कोणत्या शब्दापाशी मूल अडले, वेचणीच्या महिन्यात पट कसा टिकवला, खोली कोणी नाकारली, रजेचा अर्ज लिहिताना हात का थबकला, घरी नवऱ्याने कोणते काम उचलले आणि कोणते नाही, हे सारे तारखांसह लिहा. आणि तुमचे घरधनी चळवळीत असतील तर त्यांनी ते आधी वाचावे.

समीक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी एवढेच करावे : पुढच्या निरोप समारंभात भाषणाला उभे राहाल तेव्हा बाईंनी घर कसे सांभाळले ते सांगू नका. त्यांच्या हाताखालून किती पोरे वाचायला शिकली ते सांगा. आणि शाळेतून येताना त्यांच्या हातातली पिशवी घरात कोण घेत होते, हे एकदा स्वतःला विचारा.