वारसा आणि वाद : ज्यू मूळशोधकथांतील एक रूपतत्त्व

पूर्वजांचे गाव शोधण्यासाठी परदेशी निघालेले ज्यू कुटुंब आणि त्या कुटुंबात प्रवासभर चाललेले भांडण, हे आशयसूत्र अलीकडच्या कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत वारंवार आढळते. या भांडणाचा उलगडा दोन सोप्या मार्गांनी करता येतो. संहाराचे ओझे वाचकाला पेलवावे म्हणून लेखकाने योजलेला विनोद, हा पहिला मार्ग. दुसरा मार्ग सांस्कृतिक : मान्य झालेल्या निर्णयाबरोबर अमान्य मतही जतन करणारी तालमूदची परंपरा ज्या समाजाला आहे, त्याचा वाद हा स्वभावधर्मच, असे म्हणून मोकळे होता येते. पहिले स्पष्टीकरण भांडणाला अलंकार समजते. दुसरे माणसांचा साचा बनवते. प्रस्तुत लेखाची भूमिका निराळी आहे. या कथांत भांडण हे रूपतत्त्व आहे. नष्ट झालेल्या भूतकाळावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यातूनच आकार घेतो. आणि त्या भांडणात कोणाला बोलू दिले जाते, यावर कलाकृतीची नैतिक कुवत ठरते.

लिली ब्रेट यांची ‘टू मेनी मेन’ (१९९९) ही कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आउश्वित्समधून वाचलेला एडेक आणि त्याची न्यूयॉर्कवासी मुलगी रूथ पोलंडला जातात. रूथला सर्व काही पाहायचे आहे, जाणून घ्यायचे आहे. एडेकला खायचे आहे, हसायचे आहे, नव्या ओळखी करायच्या आहेत. मुलीला त्याचा हा जीवनोत्साह पलायन वाटतो. मेरियन हर्श यांनी ‘पश्चस्मृती’ ही संकल्पना मांडली : स्वतः न अनुभवलेला भूतकाळ आईवडिलांच्या कथांतून, छायाचित्रांतून, वागण्यातून पुढील पिढीकडे येतो आणि स्मृतीइतकाच प्रभावी ठरतो. ब्रेट यांची कादंबरी या संकल्पनेची एक अडचण दाखवते. येथे वारसदार मागत आहे आणि वारसा देणारा द्यायला तयार नाही. लॉड्झमधील जुन्या घरी कुटुंबाची चिनी मातीची भांडी सापडतात, तेव्हा रूथ ती पैसे मोजून परत घेते. जे आपलेच होते ते विकत घेण्याची ही वेळ बापलेकींच्या वादाचा खरा विषय उघड करते. स्मृतीचे रूपांतर मालकीत करता येते का, हा तो विषय होय.

पुढच्या पिढीत वादाचे स्वरूप पालटते. जेसी आयझेनबर्ग यांच्या ‘अ रिअल पेन’ (२०२४) या चित्रपटात साक्षीदार असलेली आजी निवर्तली आहे. तिने ठेवलेल्या पैशांतून डेव्हिड आणि बेंजी हे दोन चुलतभाऊ पोलंडच्या सहलीत सामील होतात. ज्याला विचारावे असे कोणी उरले नसल्याने वाद शोकाच्या रीतीवर येतो. आगगाडीच्या पहिल्या वर्गात बसल्यावर बेंजी अस्वस्थ होतो : याच देशात आपल्या लोकांना गुरांसारखे कोंबून नेले गेले, आणि आपण गुबगुबीत खुर्च्यांवर! डेव्हिडला हे प्रदर्शन लाजिरवाणे वाटते. पोलंडमधील सुमारे ३३ लाख ज्यूंपैकी जवळजवळ ३० लाख मारले गेले, अशा इतिहासापुढे शिष्ट संयम योग्य की आकांत, याचा निर्णय चित्रपट देत नाही. बेंजी खरा वाटतो, पण त्याचा खरेपणा इतरांना वेठीस धरतो. डेव्हिड समंजस वाटतो, पण त्याचा समंजसपणा भित्रा आहे. माय्दानेक छळछावणीत दोघेही गप्प होतात. त्या मौनाला वजन येते ते आधीच्या कलहामुळेच.

मात्र या दोन्ही कृतींचे मूल्यमापन येथे थांबवता येत नाही. वारसदारांच्या भांडणात, त्या भूमीवर आज राहणाऱ्यांचे स्थान कोणते? ब्रेट यांच्या कादंबरीत जुन्या घरातील पोलिश रहिवासी प्रामुख्याने लोभी विक्रेते म्हणून येतात. रूथच्या संतापाला आधार आहे. पण कादंबरी त्या संतापापासून पुरेसे अंतर राखत नाही. आयझेनबर्ग यांना ही उणीव जाणवलेली दिसते. लुब्लिनच्या जुन्या दफनभूमीत बेंजी मार्गदर्शकाला सुनावतो, की तुमच्या सहलीत माहिती भरपूर आहे, पण आम्ही एकाही पोलिश माणसाला भेटलेलो नाही. ही भेट शेवटी घडते ती क्रास्निस्तावमध्ये. आजीच्या घराच्या उंबऱ्यावर दोघे भाऊ ज्यू रीतीनुसार दगड ठेवतात, आणि शेजारी सांगतो : येथे एक म्हातारी राहते, ती अडखळून पडेल. एकाची श्रद्धांजली दुसऱ्याची ठेच ठरते. संपूर्ण चित्रपटातील सर्वांत अर्थगर्भ वाद हाच आहे, आणि तो मिनिटभरात आटोपतो.

हा तिसरा पक्ष कथनाच्या केंद्रात आणण्याचे धाडस जोनाथन साफ्रन फोअर यांच्या ‘एव्हरीथिंग इज इल्युमिनेटेड’ (२००२) या कादंबरीने केले होते. तेथे युक्रेनियन दुभाषा अ‍ॅलेक्स हाच एक निवेदक आहे. भांडखोर कुटुंबही त्याचेच, आणि मूळशोधाची परिणती ज्यू नायकाच्या वंशकथेइतकीच अ‍ॅलेक्सच्या आजोबांच्या कबुलीत होते. नाझींच्या बंदुकीपुढे त्यांनी आपल्या ज्यू मित्राकडे बोट दाखवले होते. अ‍ॅलेक्स पत्रांतून लेखक-पात्राशी वाद घालतो : लिहिताना सत्य बदलता येत असेल, तर आपण आपल्या माणसांना अधिक सुखी का करू नये? या प्रश्नाला संहितेत समाधानकारक उत्तर नाही. तो विचारण्याचा अधिकार अपराध्याच्या नातवाला दिला, यातच या कृतीची श्रेष्ठता आहे.

मूळशोधाच्या कथेला सामोपचाराचा शेवट देणे सोपे असते. गाव सापडते, डोळे पाणावतात, कुटुंब एक होते. असा शेवट मृतांना निकालात काढतो. येथे विचारात घेतलेल्या कृती हे टाळतात, ते भांडण जिवंत ठेवून. डेव्हिड तो दगड परत आणतो आणि न्यूयॉर्कमधील स्वतःच्या घराच्या दाराशी ठेवतो. उंबरा बदलला, अडखळण्याची शक्यता मात्र आता त्याच्या स्वतःच्या दारी आली.