थांबलेल्या मागाजवळचा माणूस

छायाचित्रात माणूस कुठे असावा, या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडायचे आणि रेषा जिथे छेदतात तिथे त्याला ठेवायचे. हा तृतीयांशाचा नियम मुळात कॅमेऱ्याचा नाही. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना त्याला हे नाव दिले. आभाळ किती आणि जमीन किती, हे ठरवायला तो उपयोगी आहे. भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात तो कितपत उपयोगी पडतो, हे मला इथे तपासायचे आहे.

या कारखान्यांची बहुतेक छायाचित्रे दारातून घेतलेली असतात. मागांच्या रांगा दूरवर निमुळत्या होत जातात, छपराच्या फटीतून उजेड येतो आणि उजवीकडच्या तिसऱ्या भागात एक कामगार दिसतो. मीही असेच छायाचित्र काढले होते आणि त्यावर खूश होतो. ते मी त्यातल्याच कामगाराला दाखवले. त्याने स्वतःकडे पाहिलेच नाही. मागच्या रांगेवर बोट ठेवून तो म्हणाला, ‘‘तिसरावाला बंद है.’’ हँडलवरून त्याने ते ओळखले होते. मला मात्र सगळे माग सारखेच दिसत होते.

त्याच्या नजरेत रचनेचे वेगळे तत्त्व होते. एका माणसाकडे चार-सहा माग असतात. चालू मागाला त्याची फारशी गरज नसते. ताण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली, की तो तिकडे धावतो. मजुरी कापडावर मिळत असल्याने थांबलेला माग म्हणजे बुडणारा पैसा. म्हणजे या जागेत माणूस कुठे असणार, हे तुटलेला धागा ठरवतो. माझ्या चित्रात तो मागांची उंची दाखवणारी मोजपट्टी झाला होता.

इथे मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात ‘लाइफ’ मासिकासाठी काढलेले गांधीजींचे छायाचित्र आठवते. चरखा पुढे आहे, भलामोठा. गांधीजी त्याच्यामागे जमिनीवर बसून वाचत आहेत. यंत्र पुढे आणि माणूस मागे, ही मांडणी माझ्याही चित्रात होती. तरीही तिथे माणूस लहान होत नाही. याचे एक कारण उजेड आहे, पण मोठे कारण मला चरख्याच्या थांबण्यात दिसते. तो थांबलेला आहे, म्हणून तो कुणाच्या हाताने फिरतो याकडे आपले लक्ष जाते. छायाचित्र काढण्याआधी आपल्याला सूत कातायला शिकावे लागले, असे बर्क-व्हाइट यांनी सांगितले आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा, याची तयारी अशी कामातून झाली होती.

पुढच्या खेपेला मी दारातून आत, दोन रांगांमधल्या अरुंद वाटेत गेलो. शटरचा वेग मुद्दाम कमी ठेवला. चालू मागांच्या फण्या पुसट झाल्या. बंद मागावर वाकून गाठ मारणारी बोटे तेवढी स्पष्ट आली. माणूस चौकटीच्या अगदी कडेला गेला होता आणि खांदा कापला गेला होता. नियमाने पाहिले तर हे चित्र फसलेले आहे. तरी दोन्हींतून एक निवडायचे झाले, तर मी हेच ठेवीन. कारण यातला माणूस काढून टाकला, तर तो माग बंदच राहील.