टाळेबंदीच्या कवितेत घर का नाही?

साथीचे रोग आणि साहित्य यांचे नाते जुने आहे. पटकी आली, प्लेग आला, इन्फ्लुएंझा आला आणि प्रत्येक साथीने लिहिणाऱ्यांच्या हाती काही ना काही ठेवले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील कोरोनाच्या टाळेबंदीवरही आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, घरात दखनी बोलते आणि लिहिते मराठीत. त्यामुळे या काळातील उर्दू नज्मा आणि मुस्लिम मराठी कविता, दोन्हीही बऱ्यापैकी वाचनात आल्या. त्या वाचताना एक प्रश्न मनात राहिला. टाळेबंदी म्हणजे माणसांनी महिनोन्महिने घरात राहणे. मग या लेखनात घरच इतके कमी का आहे? या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

आरोप आणि उत्तर

सुरुवात स्वतःपासून केलेली बरी. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि महिनाअखेरीस दिल्लीच्या तबलिगी मरकजची बातमी आली. पुढचे काही आठवडे टीव्हीवर काय चालले होते ते वाचकांना सांगायला नको. रोगाला जणू धर्म चिकटवला गेला. भाजी-फळे विकणाऱ्या आपल्या माणसांना नाव विचारले जाऊ लागले. त्या एप्रिल महिन्यात मीही एक कविता लिहिली. तिचा आशय थोडक्यात असा : मी याच मातीची आहे, माझ्या आजोबांची कबर इथेच आहे, मला परकी समजू नका. कविता व्हॉट्सअ‍ॅपवर पुष्कळ फिरली, कौतुकही झाले.

आज ती वाचताना लक्षात येते, की तिच्यात एकही खोली नाही, एकही भांडे नाही, माझे एकही मूल नाही. ती मी आपल्या माणसांसाठी लिहिलीच नव्हती. समोर एक न्यायाधीश बसला आहे असे समजून लिहिलेला तो जबाब होता. त्या काळात वाचलेल्या आपल्या अनेक कवींच्या रचना मला याच जातीच्या वाटतात. वतन, माती, रक्त, तिरंगा, कबर हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. शब्द खोटे नाहीत, भावनाही खोटी नाही. पण या कवितेचा विषय आपले जगणे नसून आपल्यावरचा आरोप हा आहे. विषय आरोप करणाऱ्याने दिला आणि आपण फक्त उत्तर लिहिले.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे स्पष्ट म्हटले. न्यायालयाचे काम न्यायालयाने केले. साहित्याचे काम मात्र शिल्लक राहिले.

नझीर अहमद यांचे घर

उर्दूमध्ये साथीची पहिली मोठी कादंबरी म्हणून डेप्युटी नझीर अहमद यांच्या ‘तौबतुन्नसूह’कडे पाहता येते. १८७० च्या दशकातील ही कादंबरी दिल्लीतील पटकीच्या साथीपासून सुरू होते. नसूह स्वतः आजारी पडतो, झोपेत त्याला आखिरतच्या हिशेबाचे स्वप्न पडते आणि बरा झाल्यावर तो घर सुधारायला निघतो. कादंबरीचा हेतू उघड उघड उपदेशाचा आहे. थोरला मुलगा कलीम शायर आहे. तो बापाला जुमानत नाही, घर सोडतो, आणि बाप त्याची पुस्तके जाळून टाकतो. एका शिक्षिकेला ते प्रकरण वाचताना त्रास होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

परंतु या कादंबरीत मनात राहतात ती पाने वेगळी आहेत. मोठी मुलगी नईमा तान्हे मूल घेऊन माहेरी राहिलेली आहे. नमाजवरून मायलेकीत शब्दाला शब्द लागतो, आई फहमीदाचा हात उठतो आणि नईमा रुसून बसते. ती जेवत नाही म्हणून घरातले वातावरणच बिघडते आणि शेवटी समजूत घालायला मावसबहीण सालेहाला बोलवावे लागते. लेखकाला सांगायचा होता तो उपदेश आपण विसरतो, पण चिडलेली आई, उपाशी मुलगी, रडणारे बाळ आणि मध्यस्थी करणारी बहीण विसरत नाही. टाळेबंदीत ज्यांच्या घरात एखादी माहेरवाशीण अडकून पडली होती, त्यांना हे प्रकरण नव्याने समजेल. दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला साथीनंतरचे घर दिसले. आपल्या कवितेला ते दिसू नये, याचे नवल वाटते.

बेदींचा भागू

राजिंदरसिंह बेदी यांचा ‘क्वारंटीन’ हा अफसाना २०२० मध्ये पुन्हा खूप वाचला गेला. ‘दाना-ओ-दाम’ या त्यांच्या पहिल्या संग्रहातील ही कथा प्लेगची आहे. लोकांना प्लेगपेक्षा क्वारंटीनची भीती जास्त वाटते आणि म्हणून ते आजार लपवतात, हे बेदींचे निरीक्षण आपण २०२० मध्ये गल्लोगल्ली पाहिले. कथेचा निवेदक डॉक्टर आहे. तो सारखे हात धुतो, स्वतःला जपतो. भागू हा ख्रिस्ती झालेला सफाई कामगार मात्र रोग्यांमध्ये निधड्या छातीने वावरतो. शेवटी सत्कार होतो तो डॉक्टरचा.

या कथेबद्दल सहसा भागूच्या सेवेविषयी बोलले जाते. मला महत्त्वाची वाटते ती एक रात्र. भागूची बायको आजारी पडते, तो डॉक्टरला बोलवायला येतो, ती वाचत नाही आणि तान्हे मूल मागे राहते. तरीही भागू पुन्हा कामावर हजर होतो. त्या मुलाला दूध कोणी पाजले असेल? कथा तिथे फार थांबत नाही. बेदींसारखा घर जाणणारा लेखकही दार थोडे उघडून पुढे जातो. पण निदान दार उघडतो. त्यामुळे भागू पुतळा न होता माणूस राहतो.

ओरान शहरातील अरब

टाळेबंदीत जगभर ज्या पुस्तकाचा बोलबाला झाला ते आल्बेर काम्यूचे ‘प्लेग’ (१९४७). कथा अल्जीरियातील ओरान शहराची. थोर कादंबरी आहे, पण आपण मुस्लिम वाचक म्हणून ती वाचतो तेव्हा एक गोष्ट टोचते. या शहरात अरब राहतात, तरीही कादंबरीत नाव असलेला, बोलणारा, आजारी पडणारा अरब जवळजवळ नाही. रांबेर हा पत्रकार सुरुवातीला अरबांच्या राहणीमानाची माहिती घ्यायला येतो, आणि पुढे तो विषयच नाहीसा होतो. काम्यूच्या टीकाकारांनी हे पूर्वीच दाखवले आहे.

त्याला जोडून दुसरी गोष्ट सांगावीशी वाटते. कादंबरीच्या आरंभीच डॉक्टर रियू आपल्या आजारी पत्नीला गाडीत बसवून दूरच्या आरोग्यधामात पाठवतो. रियूची म्हातारी आई येते, ती सोडली तर पुढे साथीशी झुंजणारे जवळपास सगळे पुरुषच आहेत. म्हणजे अरब विस्मरणाने गेले आणि घरातली बाई गाडीने गेली. काम्यूने आपल्याला वगळले म्हणून आपण तक्रार करू शकतो. पण आपल्याच कवितेतून आपले घर आपण वगळले, त्याची तक्रार कोणाकडे करायची?

मराठीतही साथीची आठवण बहुतेक सार्वजनिक आहे. पुण्याचा प्लेग म्हटले की २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेली गोळी आठवते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई फुले आठवतात. अपवाद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा. तिथे प्लेग येतो तो बाईच्या संसारातून, पोराबाळांच्या काळजीतून. अशा गद्याचा वारसा आपल्याला मराठीनेच दिला आहे. तो मुस्लिम मराठी लेखकांनीही आपला मानायला हवा.

रुळांवरच्या भाकरी

८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आणि त्यावर कितीतरी कविता झाल्या. पोळीवर व्यवस्थेचा, शहराचा, भुकेचा अर्थ चढवला गेला. पण कणीक कोणी मळली, वाटेसाठी किती पोळ्या पुरतील हा हिशेब कोणी केला, हे विचारणारी कविता माझ्या पाहण्यात नाही. वेदना सार्वजनिक झाली की आपण तिच्याबद्दल लिहितो, घरात असेपर्यंत तिच्याकडे पाहत नाही, असा याचा अर्थ होतो काय?

आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने २०२० च्या रमजान ईदचा खर्च टाळून ३६ लाख रुपये जमा केले आणि इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता कक्ष उभा राहिला. अभिमानाची गोष्ट आहे, आणि आरोपाला दिलेले उत्तर म्हणून ती पुष्कळदा सांगितली गेली. पण तिच्यातली कथा अजून लिहायची आहे. इचलकरंजी हे यंत्रमागाचे गाव. माग बंद, मजुरी बंद. अशा वेळी नवे कपडे घ्यायचे नाहीत हे लहान मुलीला कोणी समजावले? ती मानली का? रडली का? दान देणारा समाज वर्तमानपत्रात आला, त्या मुलीसाठी कथाच हवी.

हिशेबाची वही

हा लेख लिहिण्याआधी मी २०२० ची घरखर्चाची वही काढली. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आटा, खजूर, मुलांच्या अब्बांच्या दुकानाचे भाडे, त्यापुढे ‘बाकी’ असा शब्द, आणि जूनपासून दर महिन्याला मोबाईलचे रिचार्ज. एका मोबाईलवर माझे शिकवणे आणि दोन मुलांचे शिकणे. शाळेतल्या मुलांच्या घरी याहून बिकट. वडील कामावर जाताना फोन घेऊन गेले की मुलाची शाळा सुटली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, मराठीतून. आमची उर्दू माध्यमाची काही मुले त्यातले गणित समजून घ्यायची आणि मला उत्तर पाठवताना शब्द मराठी, लिपी उर्दू असे लिहायची. हे सगळे त्या वहीतून आठवत गेले, माझ्या गाजलेल्या कवितेतून काहीच आठवले नाही.

आणखी एक आठवण. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. मशिदी बंद, म्हणून तरावीह घरीच. मुलांचे अब्बा पुढे, धाकटा त्यांच्या शेजारी, आम्ही बायका मागे. चौथ्या की पाचव्या रात्री ते आयत चुकले. मागून सासूबाईंनी हातावर हात मारून चूक दाखवली. बाईने इमामाला सावध करण्याची हीच रीत आहे, पुस्तकात वाचलेली, पण आमच्या घरात तोवर कोणी पाहिलेली नव्हती. चाळीस वर्षांच्या मुलाने आईच्या इशाऱ्यावर आयत दुरुस्त केली. नमाजनंतर कोणीच काही बोलले नाही. फक्त धाकट्याने विचारले, “दादीमाँ, तुमना पूरा याद है क्या?” त्या म्हणाल्या, “चालीस बरस से सुनतीच आई ना रे, दीवार के इधर से.”

२५ मे रोजी ईद झाली. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर ईदची गर्दी नव्हती, शीरखुर्मा घरच्याघरी संपवला. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत कोल्हापूरने फार सोसले आणि ज्यांची मय्यत घरी आणताही आली नाही अशी कुटुंबे आमच्या ओळखीत आहेत. गुस्ल न देता आल्याचे दुःख त्या घरांतील बाया आजही बोलून दाखवतात. त्याबद्दल कोणी लिहिलेले मी वाचले नाही.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, घराला आग लागली असता कुणी चुलीचे वर्णन करत बसते काय? भाजीवाल्याला गल्लीतून हाकलले जात असताना उत्तर देणे हाच धर्म होता. हा आक्षेप मला मान्य आहे. ती उत्तरे आवश्यक होती. ती दिली नसती तर पुढच्या पिढीने आपल्याला मुके समजले असते. माझी कविताही मी फाडणार नाही.

परंतु उत्तराला एक मर्यादा असते. प्रश्न विचारणारा प्रश्न विसरला की उत्तर निरर्थक होते. मरकजची बातमी दाखवणाऱ्यांनी दुसरा विषय धरला, आणि आपल्या त्या कविता विचारणाऱ्याविना उरल्या. शिवाय ज्याला आपले माणूसपण पटवायचे होते त्याला ‘मी याच मातीची’ हे वाक्य पटवू शकत नाही. मागून हातावर हात मारणारी म्हातारी कदाचित पटवेल, कारण तशी म्हातारी त्याच्याही घरात आहे. अर्थात तिच्याबद्दल लिहायचे ते त्याला पटवण्यासाठी नव्हे. ती आमची आहे आणि ती गेल्यावर सांगणारे कोणी राहणार नाही, म्हणून.

मुस्लिम मराठी साहित्याने स्वतःची ओळख मराठी वाचकाला करून देण्याचे काम मोठ्या कष्टाने केले. आता ओळख देण्यापलीकडे जायला हवे. टाळेबंदीत लहान असलेली मुले आता मोठी होत आहेत. माझा धाकटा हल्ली विचारतो, की त्या वेळी दुकानाचे भाडे कोणी भरले होते. वहीत त्या रकमेपुढे ‘बाकी’ एवढेच आहे. ती माझ्या भावाने भरली होती, आणि कोणाला सांगू नको असे म्हणाला होता. पुढची कविता नाही, कथा लिहीन म्हणते, त्या एका ओळीपासून.