आळस कोणाचा?

पालघर किंवा बोईसर येथे आगगाडीतून उतरणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाचे काम बहुधा तारापूरच्या कारखान्यांत असते. पूर्वेकडील डोंगरपट्टीतील भातखाचरांविषयी त्याचे मत मात्र ठरलेले असते : वारली आळशी, म्हणून शेती हलकी. हा अभिप्राय आम्हां पांढरपेशांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो पारखून पाहू इच्छिणाऱ्याने गोदावरी परुळेकर यांचा 'जेव्हा माणूस जागा होतो' हा १९७० सालचा ग्रंथ अवश्य वाचावा.

डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारल्यांनी १९४५ साली जो लढा सुरू केला, त्याची ही हकिकत. ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वाचकांच्या स्मरणात राहते ती त्यातील वेठ आणि लग्नगड्याची विटंबना. आम्हांस मात्र त्यात शेतीच्या एका जुन्या प्रश्नाचे उत्तरही दिसते. भाताची आवणी पावसाच्या मोजक्या दिवसांतच साधावी लागते. नेमक्या त्याच दिवसांत कुळास जमीनदाराच्या शेतावर वेठीस जुंपले, तर त्याच्या स्वतःच्या खाचरात उशिरा लागलेले रोप कसे भरावे? जे पिकेल त्यातून खंड जाणार, उरेल ते खावटीच्या व्याजात जाणार. आणि आज घातलेला बांध उद्या दुसऱ्याच्या हाती जाण्याचे भय. अशा जमिनीत जिवापाड न राबणे याला आम्ही आळस म्हणणार नाही. तो गरिबाचा बिनचूक हिशेब आहे.

लेखिका पुण्याच्या सुखवस्तू घरातील, कायद्याची पदवीधर. तरीही उपकारकर्तीचा सूर तिने लावलेला नाही, हा ग्रंथाचा मोठा गुण. उणीव सांगावयाची तर, तिचे लक्ष माणसाच्या जागृतीवर खिळलेले असल्याने जागृत माणसाच्या शेताचे पुढे काय व्हावे, हा विचार मागे पडतो. १९४८ च्या कूळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ने कसणाऱ्यास मालकीची वाट मोकळी केली. २००६ च्या कायद्याने वनजमीन कसणाऱ्यांचे हक्कही मान्य केले. परंतु बैल, बियाणे, पाणी व माफक व्याजाचे कर्ज यांवाचून नुसत्या सातबाऱ्याने कणगी भरत नाही.

तथापि सातबाऱ्यावाचून ती भरण्याची आशाही धरता येत नाही, हे या ग्रंथाइतके स्पष्टपणे आम्हांस कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाने शिकविले नाही. ज्यांच्या घरी एके काळी खंडाचे भात येत असे, त्यांनी तो प्रथम वाचावा.