‘पेशीची स्मृती’ : एका रूपकाची चिकित्सा

विज्ञानात रूपके येतात ती आकलन सुलभ व्हावे म्हणून. परंतु रूपकाची मर्यादा विसरली गेली की तेच आकलनाच्या आड येते. एपिजेनेटिक्समधील ‘पेशीची स्मृती’ हे असेच रूपक होय. प्रस्तुत लेखात त्याची व्याप्ती तपासावयाची आहे.

यकृताच्या व मेंदूच्या पेशींतील डीएनए जवळजवळ एकच असतो. तरीही यकृतपेशीच्या विभाजनातून यकृतपेशीच निर्माण होते. कोणती जनुके निद्रिस्त ठेवावयाची, याची नोंद डीएनएवरील मिथिल गटांत आणि डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक खुणांत आढळते. जुन्या धाग्यावरील मिथिल-खूण ओळखून नव्या धाग्यावर तीच उमटविणारे विकर असावे, ही कल्पना १९७५ मध्ये रिग्ज यांनी आणि स्वतंत्रपणे हॉलिडे व प्यू यांनी मांडली. पुढे डीएनएमटी-१ या विकराने तिला आधार दिला. येथे ‘स्मृती’ हा शब्द सार्थ ठरतो. कारण नोंद, जतन आणि नक्कल ही तिन्ही अंगे दाखविता येतात. अर्थात ही स्मृती अमिट नव्हे. यामानाका यांनी २००६ मध्ये केवळ चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या विशेषित पेशींना भ्रूणीय मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेले.

आक्षेप आहे तो पुढील उडीला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. गर्भधारणेच्या सुमारास त्याची झळ लागलेल्या व्यक्तींच्या आयजीएफ-२ जनुकावर, सहा दशकांनंतरही, त्यांच्या भावंडांच्या तुलनेत मिथिल गट कमी आढळले, असे २००८ मधील अभ्यासाने दाखविले. हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु त्यावरून ‘पूर्वजांची भूक नातवंडांच्या पेशींना आठवते’ असे म्हणणे तर्कदुष्ट होय. ह्या व्यक्ती स्वतःच गर्भावस्थेत दुष्काळाला सामोऱ्या गेल्या होत्या. गर्भातील भावी जननपेशींनाही तीच झळ पोहोचते. म्हणून मातेकडून आलेला खरा पिढीपार वारसा पणतवंडांतच तपासता येतो. शिवाय सस्तन प्राण्यांत बहुतांश मिथिल-खुणा दोनदा पुसल्या जातात : जननपेशी घडताना आणि फलनानंतर. वनस्पतींची गोष्ट वेगळी. लिनीअसने वर्णिलेल्या लिनारियाच्या विकृत फुलामागे अनुवंशाने पुढे जाणारे मिथिलीकरण असल्याचे १९९९ मध्ये सिद्ध झाले. मात्र वनस्पतीचा दाखला मानवाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. आपल्याकडे गर्भसंस्कारांच्या समर्थनार्थ एपिजेनेटिक्सचा हवाला दिला जातो. गर्भवतीच्या आहाराचे महत्त्व निर्विवाद आहे. पण तिच्या प्रत्येक विचाराची नोंद अपत्याच्या जनुकांवर होते, असे वरील पुराव्यातून निष्पन्न होत नाही. अशा विधानांनी समाजाची जबाबदारी हलकी होते आणि दोषाचा भार एकट्या मातेवर येतो. दुष्काळात अन्न तुटले होते, मातांचे मन चुकले नव्हते.

म्हणून ‘स्मृती’ हा शब्द वर्गात वापरताना अध्यापकाने तीन प्रश्न विचारावेत : ही स्मृती कोणत्या पेशीची, किती विभाजनांपर्यंतची आणि ती पुसली कधी जाते? त्यांची उत्तरे मिळतात तेथवरच हे रूपक विज्ञानाचे राहते.