एका निकालपत्राचे वाचन

घरातला पहिला पदवीधर मी. सरकारी कागदावर बाप न वाचता अंगठा उठवी. कसालला विद्यार्थ्यांपुढे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे १९७८ चे निकालपत्र वाचताना तो अंगठा आठवला.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची ही फिर्याद. ती लिहून घेणारेही पोलीसच! वैद्यकीय तपासणी दुसऱ्या रात्री आठला. सर्वोच्च न्यायालयाने जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणून संमती, असे धरून नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा रद्द केली. या भाषेत तिचे गप्प राहणे पुरावा ठरते. पोलिसांनी घालवलेला वेळ नाही.

१९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात तिच्या 'संमती नव्हती' या शब्दाला वजन आले. पण तपासाचे कागद? जुन्या फौजदारी संहितेने त्यांच्या नकला आरोपीला देवविल्या, तिला नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत तिलाही मिळतात. मात्र तिच्या बाजूने वकील असेल तर.

"आणि वकील नसेल तर, सर?" एका विद्यार्थिनीने विचारले.

तर पुन्हा अंगठाच. लोकांचा विश्वास का उडाला, हे विचारणाऱ्यांनी आधी एवढेच सांगावे: तिचा कागद तिच्या हाती का नाही?