एकतीस केक आणि एक न मांडलेला हिशेब

पलंगावर पैसे ओतून एक साठी ओलांडलेली बाई आणि एक सात वर्षांचा मुलगा मोजत बसलेत. चुरगळलेल्या नोटा, नाणी, सेंटांचा ढीग. बाईच्या मोजणीत 12 डॉलर 73 सेंट भरतात. मुलाच्या मोजणीत बरोबर 13. कोणाचं चुकलं हे शोधायला ती दोघं पुन्हा मोजत नाहीत. तेरा हा आकडा अशुभ. मुलाचंच खरं निघालं तर पंचाईत नको, म्हणून ती एक सेंट उचलून खिडकीबाहेर फेकतात आणि कामाला लागतात.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. दोन सिस्टिम्सच्या बेरजेत 27 सेंटांचा फरक आला, तर रात्री अकरापर्यंत कॉलवर बसून तो शोधणाऱ्या जमातीतला मी. त्यामुळे ट्रुमन कपोटीच्या 'अ ख्रिसमस मेमरी' या कथेतला हा प्रसंग मला दरवेळी अडवतो. चूक सापडली नाही तरी चालेल, केक बिघडायला नको, असा हिशेब करणारी ही माणसं. या कथेबद्दल बोलायचं तर हिशेबापासूनच सुरुवात करायला हवी, असं मला वाटतं. लोक सहसा ती डोळ्यांतल्या पाण्यापासून करतात.

आधी थोडक्यात गोष्ट. 1956च्या डिसेंबरात ती 'मादम्वाझेल' या अमेरिकन मासिकात आली, आणि 1958मध्ये 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' या पुस्तकात समाविष्ट झाली. काळ 1930च्या दशकातला, मंदीचा. जागा अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक लहानसं गाव. कपोटी स्वतः लहानपणी अलाबामातल्या मन्रोव्हिल इथे आईच्या नातेवाइकांकडे वाढला. त्या घरातली वयस्क, अविवाहित सूक फॉक म्हणजे कथेतली ही बाई. कथेत तिला नाव नाही. निवेदक तिला शेवटपर्यंत फक्त 'माझी मैत्रीण' म्हणतो. ती त्याला 'बडी' म्हणते, कारण तिच्या लहानपणी वारलेल्या तिच्या एका मित्राचं नाव बडी होतं.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका थंड सकाळी ती खिडकीपाशी उभी राहते आणि केक करायचे दिवस आले, असं जाहीर करते. मग चार दिवस चूल पेटती राहते आणि 31 फ्रूटकेक तयार होतात. ते पोस्टानं रवाना होतात. दोघं जंगलातून झाड तोडून आणतात, एकमेकांसाठी पतंग बनवतात, नाताळच्या दिवशी ते उडवतात. पुढे मुलाला लष्करी शिस्तीच्या शाळेत धाडतात, आणि ती म्हातारी होऊन मरते. झालं, एवढीच गोष्ट. एका बैठकीत वाचून होते.

मी ती पहिल्यांदा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना हॉस्टेलच्या कॉटवर मोबाइलवर वाचली आणि सगळ्यांसारखाच रडलो. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा नोकरी लागली होती, आणि तेव्हा मला तिच्यातले पैसे दिसले.

कपोटी पैशांबद्दल किती काटेकोर आहे बघा. केकसाठीचा निधी मण्यांच्या बटव्यात, बटवा पलंगाखालच्या सैल फळीखाली, आणि त्या फळीवर मूत्रपात्र ठेवलेलं. निधी कसा जमतो? रानातली बोरं बादलीनं विकून, जाम-जेली करून, लग्नांना आणि मयतांना फुलं पुरवून. एकदा तीन पायांचं कोंबडीचं पिल्लू दाखवायला त्यांनी परसात चक्क 'म्युझियम' काढलेलं असतं. उन्हाळ्यात घरातल्या माणसांनी कंत्राट दिलेलं असतं: 25 माश्या मारल्या की एक सेंट. त्यामुळे सेंटांचा ढीग मोजताना मुलाला मेलेल्या माश्या आठवतात. नाताळच्या गोष्टीत मेलेल्या माश्या आणायला धाडस लागतं.

केकमधले पिकॅन नट्ससुद्धा विकत आणलेले नाहीत. मालकानं झाडं झोडपून माल विकल्यावर गवतात, पाचोळ्यात जे उरतं ते ही दोघं गुडघ्यांवर बसून वेचतात आणि एका मोडक्या वेताच्या बाबागाडीत भरतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: सरवा वेचणं. सणाचा सगळ्यात मोठा पदार्थ सरव्यावर उभा आहे. सगळ्यात महाग वस्तू व्हिस्की. ती विकायला त्या राज्यात कायद्यानं बंदी, म्हणून नदीकाठच्या बदनाम कॅफेत जायचं. तिथला हाहा जोन्स नावाचा, चेहऱ्यावर वस्तऱ्याचे व्रण असलेला धिप्पाड माणूस दोन डॉलर घेतो, मग चिल्लर परत करतो आणि त्याऐवजी एक केक मागतो. त्याच्या केकमध्ये मनुका जास्त घालायच्या, असं परतीच्या वाटेवर ठरतं.

या तपशिलांमुळे कथा गोडमिट्ट होत नाही. नाताळावर लिहिणारे बहुतेक लोक उब, दिवे आणि वास यांनी सुरुवात करतात. इथे वास येण्याआधी नाणी मोजली जातात. आनंद आहे, पण तो कमावलेला आहे, आणि त्याची पावती कथेतच जोडलेली आहे. पोस्टाचा खर्च भागवला की बटवा रिकामा होतो. वर्षभराची कमाई चार दिवसांच्या केकमध्ये आणि तिकिटांमध्ये संपते, आणि दोघांनाही त्यात काही वेडेपणा वाटत नाही.

आता प्रश्न असा, की हे 31 केक जातात कोणाला? नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना नाही. यादीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आहेत. बोर्निओला गेलेलं एक मिशनरी जोडपं आहे. वर्षातून दोनदा गावात येणारा सुऱ्यांना धार लावणारा आहे. मोबील शहराहून येणाऱ्या सहाच्या बसचा ड्रायव्हर आहे. एकदा गाडी बंद पडली म्हणून तासभर ओसरीवर बसून गेलेलं कॅलिफोर्नियाचं जोडपं आहे. त्यांनी या दोघांचा फोटो काढला होता, तो त्यांचा एकुलता एक फोटो. या लोकांची आभाराची पत्रं एका वहीत चिकटवून ठेवलेली आहेत.

पहिल्या वाचनात मला हे फार उदात्त वाटलं होतं. अनोळखी माणसांवर प्रेम वगैरे. आता वाटतं, त्यात एक सोयसुद्धा आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं. तो तुमच्या चुका मोजत नाही, तुम्ही त्याच्या मोजत नाही. कठीण असतं ते रोज एका छपराखाली राहणाऱ्या माणसावर.

इथे मी तिसऱ्या वाचनाकडे येतो, आणि माझ्या तक्रारीकडेही.

या घरात आणखी माणसं राहतात. सगळी नातेवाईक. कपोटी त्यांना नावं देत नाही, चेहरे देत नाही. आम्हाला रडवणारी, आमच्यावर सत्ता चालवणारी, पण आम्ही ज्यांची फारशी दखल घेत नाही अशी, एवढीच त्यांची ओळख. ती एकदाच नीट प्रकटतात. केक झाल्यावर बाटलीत दोन बोटं व्हिस्की उरते, ती दोघं वाटून पितात, कुत्रीलाही चमचाभर देतात, गाणी म्हणत नाचतात. तेवढ्यात दोन नातेवाईक आत येतात आणि तोंडाचा पट्टा सोडतात. सात वर्षांच्या पोराच्या तोंडाला दारूचा वास! मैत्रीण खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडते. आपण वाचक अर्थातच तिच्या बाजूचे. कपोटी दुसरी बाजू ठेवतच नाही.

पण तो प्रसंग पुन्हा वाचा. ओरडताना ते नातेवाईक घराण्यातल्या दोनतीन माणसांची आठवण करून देतात, त्यांचं काय झालं ते विसरलीस का, असं विचारतात. म्हणजे या घरानं वाताहत झालेली माणसं पाहिलेली आहेत. त्या रागामागे भीती आहे. ती भीती मजकुरात आहे, निवेदक मात्र तिच्यापाशी थांबत नाही. आणि खरं सांगा, सात वर्षांच्या मुलाला व्हिस्की पाजणं तुमच्या घरात चाललं असतं?

याहून सूक्ष्म जागा नाताळच्या सकाळची आहे. ही दोघं पहाटे मुद्दाम किटली आपटून घर जागं करतात. मग फक्कड न्याहारी होते: पॅनकेक, तळलेली खार, मक्याची लापशी, पोळ्यातला मध. ती कोणी केली? कथा सांगत नाही. 31 केकांसाठी वेचलेला प्रत्येक दाणा आपल्याला माहीत आहे, आणि घरभर माणसांची ही न्याहारी आपोआप टेबलावर येते. नंतर नातेवाईक मुलाला मोजे, रुमाल, शर्ट, जुना स्वेटर आणि मुलांच्या धार्मिक मासिकाची वर्गणी देतात. मुलगा खट्टू होतो. सात वर्षांचा मुलगा होणारच. पण हे वीस वर्षांनी सांगणाऱ्या मोठ्या माणसाला तरी मंदीच्या काळात मोजे आणि शर्ट म्हणजे काय हे कळायला हवं होतं. माश्यांमागचा सेंट कोणाच्या खिशातून आला, तो वर्षभर कोणाच्या घरात जेवला, हा हिशेब एवढा काटेकोर लेखक मांडत नाही.

कोणी म्हणेल, हे मुलाचं जग आहे, मुलाला तेवढंच दिसतं. मला हे पुरतं पटत नाही. कारण शेवटाला निवेदक मोठा होऊन बोलतो. मैत्रीण काही वर्षं एकटीच केक करते आणि सगळ्यात चांगला त्याला पाठवते. मग हळूहळू ती पत्रांत त्याची आणि त्या जुन्या बडीची गल्लत करू लागते. एवढं बारकाईनं पाहणारी नजर त्याच्याकडे आहे. त्याच घरात या काळात तिला कोण सांभाळत होतं, तिकडे मात्र ती वळत नाही. मुलाला शाळेत पाठवणाऱ्यांवरचा राग त्यानं तसाच ताजा ठेवलाय. ही कथेची उणीव आहे. कथा तरीही मोठीच राहते, कारण हा राग खोटा नाही. फक्त तो एकतर्फी आहे, हे वाचकानं लक्षात ठेवावं.

हे मला सुचलं ते पुस्तकामुळे नाही, घरामुळे.

माझ्या आजीची धाकटी बहीण साताऱ्याला आमच्याच घरात राहते. आम्ही तिला माई म्हणतो. दिवाळीचे अनारसे तिचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटून गूळ घालून पीठ मुरवायचं. लहानपणी मी तिच्या शेजारी बसून खसखस पसरायचो. डबे कोणाला जायचे? गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला, औषधाच्या दुकानातल्या मुलाला, एकेकाळच्या पोस्टमनला. कपोटी वाचला तेव्हा मला माईच दिसली यात नवल नाही.

दोन वर्षांपूर्वी माई कढई गॅसवर ठेवून विसरली आणि देवळात गेली. तूप पेटलं. तेव्हापासून आई रात्री आणि बाहेर जाताना रेग्युलेटर बंद करते, आणि माईला एकटीला ओट्यापाशी जाऊ देत नाही. मी पुण्याहून फोनवर आईशी भांडलो. तू तिचा आनंद हिरावतेस, म्हणालो. आई एवढंच म्हणाली, "तू ये आणि आठ दिवस राहा इथे."

मी गेलो नाही. स्प्रिंट चालू होती. त्या डिसेंबरात कथा पुन्हा वाचली आणि नातेवाइकांच्या त्या परिच्छेदाशी अडकलो. आधी तिथून मी भरभर पुढे जायचो.

यंदा दिवाळीला चार दिवस आधी गेलो. माई पाटावर बसून खसखशीवर अनारसे थापत होती आणि आई शेजारी उभी राहून मंद आचेवर तळत होती. मधेच माई म्हणाली, "अगं, तुला जमायचं नाही, जाळी नाही पडायची." आई म्हणाली, "सांगा मग कसं ते." माई सांगत राहिली. आई गेली दोन वर्षं हेच करत होती, मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी डबे भरताना माईनं यादी सांगितली आणि मी फोनवर टाइप केली. अकरा नावं. पोस्टमन वारलेत हे ती विसरली होती. मी त्यांचंही नाव लिहिलं. मला ती अजून माझ्याच नावानं हाक मारते. यादी संपल्यावर मी वरून खाली वाचून दाखवली. आई मागे कढईतलं तूप गाळत होती. तिचं नाव यादीत नव्हतं. घरातल्या माणसाला कोण डबा पाठवतं?